कानसेनाला ऐकू न आलेलं वाक्य

"मला एक कूलर हवाय," मी दुकानदाराला म्हटलं. "कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो ना, तो. दिसायला कसाही चालेल, पण तोंड मिटून काम करणारा हवा."

शेजारी एक माणूस काउंटरवर वाकून एका चिमुकल्या पंख्याला कान लावून उभा होता. माझं वाक्य संपायच्या आत तो ताडकन सरळ झाला. कुणी नावानं हाक मारल्यावर माणूस दचकतो ना, तसा. त्यानं माझ्याकडे पाहिलं... मग माझ्या ओठांकडे... मग घाईघाईनं छताकडे. मी हळूच हनुवटीवरून हात फिरवला. काही चिकटलंय की काय, कोण जाणे.

काही चिकटलेलं नव्हतं. म्हणजे माणूसच विचित्र होता. दिसायला मात्र बरा होता.

दुकानदारकाकांनी विचारलं, आधीच्या कूलरचं काय बिघडलं? मी सगळा पाढा वाचला. माझ्या दादानं स्वतःसाठी नवं मशीन घेतलं आणि त्याचा जुना प्रोसेसर मला पाठवून दिला. माझ्या आधीच्या प्रोसेसरला रेकॉर्डिंग आणि आवाजाची साफसफाई एकदम सांगितली की धाप लागायची. हा नवा सगळं चुटकीसरशी करतो. अंगात ताकद भरपूर, पण डोकं भलतंच तापट. आणि डोक्यावरचा तो इवलासा पंखा त्याला शांत करायच्या नादात स्वतःच किंचाळतो. मी माइक सुरू करते, वाचायला लागते, आणि मागून... घूंऽऽऽ.

वाचायला म्हणजे काय, असं काकांनी विचारलं. हा प्रश्न मी नेहमी टाळते. आवाजाचं काम करते म्हटलं की लोक म्हणतात, मग काहीतरी बोलून दाखवा ना. जसं काही इतका वेळ मी शिट्ट्याच वाजवत होते! पण त्या दिवशी वैतागलेली होते, म्हणून सांगून टाकलं. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणते ती मी. बँकेला फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणते तीही मीच. लोक मला रोज ऐकतात आणि रोज माझ्यावर चिडतात. इतकी वर्षं माझ्या वाट्याला एकेक वाक्यच आलं होतं. आता पहिल्यांदाच एक अख्खी कादंबरी समोर आली होती... जाडजूड, दोन पिढ्यांची, शेवटी ढसाढसा रडवणारी. तिचं ऑडिओबुक व्हायचं होतं. कंपनीनं नमुन्याला तीन प्रकरणं मागितली, मी पाठवली, आणि ती दोनदा परत आली.

"त्यांनी रेकॉर्डिंग तपासायला एक कानसेन पाळलाय," मी म्हटलं. "अख्खं ऑफिस त्याला त्याच नावानं ओळखतं. मी पाहिलेलं नाही, पण डोळ्यांसमोर येतो. टक्कल असणार, कानात केसांचं जंगल असणार, आणि बायको मोठ्यानं शिंकली तर तिला माहेरी धाडत असणार. म्हणे, मागे पंखा ऐकू येतोय. अहो, तिथं नायिकेचा बाप शेवटचे श्वास मोजतोय, आणि याचं लक्ष पंख्याकडे."

"लग्न नाही झालेलं," शेजारचा माणूस म्हणाला.

"कुणाचं?"

"कानसेनाचं."

त्याचे कान लालबुंद झाले होते. त्यात केस नव्हते. मी नीट पाहिलं, कारण त्याच्या डोळ्यांत बघायची आता सोय उरली नव्हती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. पण दुकानाची फरशी पक्की होती.

"तुम्ही मला ओळखलंत?" मी कसंबसं विचारलं. "पाहिलेलं नसताना?"

"वाक्य सुरू करायच्या आधी तुम्ही नाकानं अगदी छोटासा श्वास घेता," तो म्हणाला. "फूल हुंगल्यासारखा. मघाशी कूलर मागतानाही घेतलात."

मी थक्क झाले. जन्मापासून मी हा श्वास घेत असेन, पण आईला ठाऊक नव्हता, दादाला नव्हता, मलाही नव्हता. आणि हा परका माणूस, ज्याला मी महिनाभर मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याला माझा श्वास पाठ होता. मला एकदम स्वतःचं नाक जपून वापरावंसं वाटायला लागलं.

मग दोघंही समोरच्या खोक्यांकडे बघायला लागलो. कारण पुढची गोष्ट दोघांनाही माहीत होती. कंपनीच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की तिसऱ्यांदाही पंखा ऐकू आला तर कादंबरी दुसऱ्या कुणाकडे जाईल. आणि ऐकायला बसणार होता हाच.

"मी तुम्हाला मदत करणं बरोबर नाही," तो म्हणाला. "मलाच तपासायचंय ते."

"मला कुठं करताय? पंख्याला करा."

यावर त्यानं खरोखर विचार केला. अगदी गंभीरपणे, खाली मान घालून. मग त्याला हसू आलं, आणि मी जी काही थोडीफार सावरले होते ती पुन्हा ढासळले.

काकांनी आधी एक चकचकीत खोका काढला. पाण्यावर चालणारा कूलर, दोन नळ्या, रंगीत दिवे. खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे गेला होता. पण तो हलकेच म्हणाला, की पाणी फिरवायला पंप लागतो, आणि पंपाला सुट्टी नसते. त्याची बारीक गुणगुण चालूच राहते, आणि माइक जवळ असला की तो नेमका तेवढंच उचलतो. मग मला समजावून सांगितलं. छोटा पंखा हवा ढकलायला जीव तोडून धावतो, म्हणून ओरडतो. मोठ्याला घाई नसते. त्याच्यामागे पत्र्यांचा मोठा थर असला आणि तांब्याच्या नळ्या उष्णता वर वाहून नेत असल्या, की पंख्याला फारसे कष्टच पडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्याचा वेग सारखा वर-खाली व्हायला नको.

"एकसारखा आवाज कान विसरून जातो," तो म्हणाला. "बदल झाला की मात्र जागा होतो."

मग त्यानं काकांकडे पाहिलं, आणि काकांनी काही न विचारता छताचा पंखा बंद केला, कोल्ड्रिंकच्या फ्रिजचं बटण बंद केलं, शटर अर्धं खाली ओढलं. सवय असावी त्यांना. रस्त्याची गजबज मागे सरली, आणि त्या अर्ध्या उजेडात आम्ही तिघं एकेका कूलरचा पंखा लावून ऐकायला लागलो. आयुष्यात मी पहिल्यांदाच पंख्यांकडे कान देऊन बसले होते. आणि काय सांगू... प्रत्येकाला स्वभाव होता.

"हा नाक चोंदलेला मामा आहे," मी पहिल्याला म्हटलं. दुसऱ्याच्या मागे बारीक टिकटिक होती. "ही शेजारीण. बोलणार काही नाही, पण येता-जाता च्-च् करणार." तिसरा बराच शांत होता, पण मधूनच घासल्यासारखं करायचा. "हा झोपेत दात खातो."

तो पंख्यांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता. "मी रोज हेच ऐकतो," तो म्हणाला. "मला सगळं ऐकू येतं. पण... त्यांना नावं असतील असं कधी वाटलं नाही."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की पुढचा विनोद मी गिळून टाकला.

शेवटचा कूलर काळा, ओबडधोबड, विटेएवढा होता. त्याला दिवा नाही, नक्षी नाही. मी म्हटलं, लावा ना. तो म्हणाला, लावलाय. मी कान जवळ नेला... काहीच नाही. मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. मी आणखी वाकले, आणि गालावर आलेली माझी बट हळूच उडाली. एकदा... पुन्हा एकदा. हवा येत होती, आणि आवाज नव्हता. मी वर पाहिलं तर तो माझ्या त्या बटेकडे बघत होता, आणि शपथेवर सांगते, त्या क्षणी तोही श्वास घेत नव्हता.

काकांनी खाकरून सांगितलं, की हा फार उंच आहे, कॅबिनेटचं झाकण लागणार नाही. मी आईच्या शिवणाच्या टेपनं आतली उंची मोजून आणली होती. बोटभर जागा उरत होती. तसं सांगितल्यावर तो माझ्याकडे ज्या आदरानं बघायला लागला, तशा आदरानं माझ्याकडे कुणी बक्षीस मिळाल्यावरही बघितलं नसेल. मला मिळालेलं नाही म्हणा कधी.

बसवायला येता का, हे मीच विचारलं. वीट उचलायला एका माणसाचे हात पुरणार नाहीत, असं कारणही दिलं. कारण खरं होतं. निदान अर्धं.

सुट्टीच्या सकाळी तो आला. आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि मी जिथं वाचते तो कपाटाचा कोपरा, ज्याला मी घरातल्या सगळ्या गोधड्या टांगून ठेवल्यात. मी वाचत असताना आई नळ सोडत नाही, भांडं हलवत नाही, शिंक आली तर पदरात कोंबते. तिला या कानसेनाबद्दल भलतंच कुतूहल होतं. तो चपला काढतो न काढतो तोच तिनं विचारलं, की तुम्हाला म्हणे बारीकसारीक सगळं ऐकू येतं, मग माझे गुडघे ऐकता का जरा? तोही शहाणा! खाली बसला, आईला एकदा उठायला-बसायला लावलं, आणि म्हणाला, डावा जास्त बोलतो. आई खूश. मला डोळ्यांनीच म्हणाली, मुलगा चांगला आहे. मीही डोळ्यांनीच म्हटलं, तू गप्प बस.

कॅबिनेट आडवं केलं, जुना पंखा काढला. प्रोसेसरवर मी पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला. हीच पेस्ट उष्णता प्रोसेसरकडून कूलरच्या तळाकडे पोचवते. तो कूलर दोन्ही हातांत धरून वाट बघत होता, आणि मी माहितीचा कागद घेतला. मला एक खोड आहे. हातात छापलेलं काही आलं की मी ते मोठ्यानं वाचते. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. कागद मराठीत नव्हता, म्हणून मी वाचता वाचता मराठी करत गेले, आणि कुणी ऐकणारं समोर आहे म्हटल्यावर जरा रंगातच आले. सर्वप्रथम तळावरचा पारदर्शक पापुद्रा काढून टाकावा... मग अलगद, सरळ खाली ठेवावे... मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळावेत. एक वाक्य नीट उतरलं नाही असं वाटून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हं," तो म्हणाला. "हं..."

त्यानं कूलर ठेवला. मी स्क्रू आवळले. आमची बोटं एकदा एकमेकांना लागली आणि दोघांनीही एकदमच सॉरी म्हटलं. स्वयंपाकघरातून आई उगाचच खोकली.

मग मी बटण दाबलं.

मला वाटलं, चालूच झालं नाही. पडदा उजळला तेव्हा कळलं, झालंय. आणि मग... मी कशी सांगू तुम्हाला? इतकी वर्षं मी त्या खोलीत राहतेय, पण खोली कशी ऐकू येते ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरात कुणी बादली सरकवली. लांब कुठे सायकलची घंटा. आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि ते ठेवताना तिनं किती जपलं, तेही ऐकू आलं मला. माझ्यासाठी ही बाई रोज एवढी जपते... माझे डोळे भरून आले. मी त्याच्याकडे वळले तर तो नुसता हसत उभा होता. हे मला दाखवायलाच तो आला होता जसा काही.

निघताना दारात थांबून तो म्हणाला, "तुमचा आवाज..." आणि पुढे काही बोललाच नाही. गेला.

सकाळपासून मनात जे तरंगत होतं, ते त्या एका शब्दानं खाली आलं. आवाज. आलं लक्षात. लोक माझ्या आवाजावर भाळतात, हे मला नवं नाही. मागे एकजण फोनवर महिनाभर बोलला, मग भेटायला आला, मला पाहून म्हणाला, "अच्छा... तुम्ही होय?" आणि चहा अर्धा टाकून गेला. तेव्हापासून कानाला खडा लावला होता. मी आरशात पाहिलं आणि स्वतःला बजावलं, पोरी, कादंबरीकडे लक्ष दे.

दिलं. पाठवायला एकच दिवस उरला होता. पहिलं प्रकरण सुरू केलं, आवाजाची साफसफाई सोबत सुरू ठेवली, आणि नायिका बापाच्या उशाशी बसते त्या जागी आले. आणि मागून... प्रथम सुस्कारा. मग घोंघावणं. मग तो विटेएवढा साधू पिसाळल्यासारखा गरजायला लागला, आणि मी काही करायच्या आत सगळं मशीन फट्कन बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आई दारात येऊन उभी राहिली. मला आधी कूलरचा राग आला, मग त्याचा. मोठा आला कान लावणारा! पण मग वाटलं, त्या दुकानात माझ्याच कानांनी ऐकलंय मी. कूलर खोटा नव्हता. घोडं दुसरीकडेच कुठेतरी अडलं होतं.

मशीन थंड होऊ दिलं. झाकण काढलं, स्क्रू सैल केले, वीट उचलून उलटी केली. तळ चकाकत होता. नको तितका चकाकत होता. नखानं कोपरा खरवडला... आणि प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा अलगद सुटून माझ्या हातात आला. पेस्ट त्याच्यावर, तांबं त्याच्याखाली. बिचाऱ्या प्रोसेसरची उष्णता तळापर्यंत पोचणार कशी? अंगावर रेनकोट चढवून आंघोळ करण्यातला प्रकार!

मी जमिनीवर बसून हसत सुटले. आईला वाटलं, पोरीला वेड लागलं. हसतच त्याला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं की दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो हसला नाही. "पापुद्रा काढा, असं त्या कागदावर होतं?"

"होतं म्हणजे? मी वाचलं की मोठ्यानं. दोनदा."

"मी ऐकलं नाही."

"अहो, तुम्ही 'हं' म्हणालात."

"हो," तो अगदी हळू म्हणाला. "तुम्ही वाचत होतात ना."

आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, दुखावला. कानावर जगणाऱ्या माणसाला असं हसायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर माझं तरी काय वेगळं होतं? वाक्य कसं पडतंय याच नादात होते मी. ते सांगतंय काय, हे मलाही कळलं नव्हतं. वाचणारी मी, ऐकणारा तो, आणि पापुद्रा जिथल्या तिथं.

जुनी पेस्ट पुसली, नवा ठिपका ठेवला, कूलर एकटीनं उचलून बसवला. दोन हात पुरले. मग दिवसभर वाचत बसले. ते वाचणं मी विसरणार नाही. आधी मी पंख्याच्या वर आवाज चढवून वाचायचे, आणि मला वाटायचं तीच भावना. आता कुजबुजले तरी वाक्य उभं राहत होतं. नायिका बापाला म्हणते, "तुम्ही जा, मी आहे," ते मी इतकं हळू म्हटलं की माझ्याच अंगावर काटा आला. माझ्यात एवढं हळू काही आहे, हे मला कुठं माहीत होतं? तिन्ही प्रकरणं पाठवली आणि वाट बघायला लागले.

त्याच्याकडून काही नाही. फोन नाही, निरोप नाही. मग बाईंचा फोन आला, ऑफिसात या म्हणून. त्यांचा सूर काही धड नव्हता.

बाई समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, की तुमची प्रकरणं तपासायला आमच्या कानसेनांनी नकार दिलाय. इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाही नकार दिलेला नाही.

कादंबरी गेली. आणि गेली ती एका हसण्यापायी. मग मात्र मला संताप आला, आणि मी बाईंना सांगून टाकलं, की त्यांची चूक झाली, त्याला मी हसले, एवढ्यावरून कुणाचं पुस्तक काढून घेतात का?

बाईंनी चष्मा काढला. "हसलात? ते काही बोलले नाहीत मला. ते एवढंच म्हणाले, की या आवाजातली चूक मला आता ऐकू येणार नाही. यापुढे यांच्या बाबतीत माझ्या कानांवर विसंबू नका." मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतेय? माझा सगळ्यात चांगला कान कामातून गेलाय."

मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. उगाच चुकीचं कळायला नको, म्हणून मी पुढचं ऐकत बसले.

बाईंनी ती प्रकरणं स्वतः ऐकली होती, आणि आणखी दोघांना ऐकवली होती. दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी शिंक गिळलीय, एवढी एक जागा सोडली तर काही सापडलं नव्हतं. कादंबरी माझी होती. सगळी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. मी आभार मानायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. माझा! लिफ्ट बोलायची थांबावी तसं.

"ते ऐकायच्या खोलीत आहेत," बाई कागद चाळत म्हणाल्या. "डावीकडे, शेवटचं दार."

ते दार हातभर जाड होतं. आत गेले, दार मागे लागलं, आणि जगच पुसलं गेलं. भिंतींना मऊ काळा फोम. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या स्वतःच्या अंगातून कसलासा सूर येतोय असं वाटायला लागलं. माणसानं इथं खोटं बोलावं तरी कसं? देवळात पाऊल टाकल्यावर होतं तसं झालं मला, आणि तो खुर्चीतून इतक्या घाईनं उठला की हेडफोनच्या वायरीत अडकला.

"सांगितलं बाईंनी?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या खुर्चीत बसले. "बाईंचं ऐकून झालं. आता तुमचं ऐकायचंय. इतके दिवस मी बोललेय आणि तुम्ही ऐकलंय. आज तुम्ही बोला." आणि मग जे विचारायला घाबरत होते तेही विचारून टाकलं. "आवाजच आवडतो ना तुम्हाला? तसं असेल तर सांगा. तो पुस्तकात मिळेल की. त्यासाठी मी कशाला?"

तो पायातली वायर सोडवत राहिला. ऐकण्यात मुरलेला माणूस, बोलायची सवयच नाही. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्याला सोपं जाईल... आणि मलाही.

"रेकॉर्डिंगमध्ये मधे मधे जागा असते," तो अडखळत म्हणाला. "तुम्ही वाचत नसता तेव्हाची. पान उलटता. पाणी पिता. चुकलं की स्वतःलाच 'छ्या' म्हणता. एकदा आईंना म्हणालात, गॅस बंद कर गं, मला वास येतोय. ते सगळं कापायचं असतं. तेच माझं काम."

"मग?"

"कापलं. पण... टाकवलं नाही. जोडून ठेवलंय. घरी जाताना मी कादंबरी ऐकत नाही. ते ऐकतो." तो थांबला. "चुकलं असेल तर पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर ते वाहिलेच असते. लिफ्टमध्ये, फोनवर, जिथं तिथं लोकांनी माझं वाक्य ठेवून घेतलं होतं आणि मला कापून टाकलं होतं. मीही कधी हरकत घेतली नाही, मला वाटलं रीतच आहे ही. आणि इथं एक माणूस होता, ज्यानं ती टाकाऊ मी वेचून, जोडून, जपून ठेवली होती. पाणी पिणारी. चिडणारी. गॅस बंद कर गं म्हणणारी. मला इतकं आश्चर्य वाटलं, की आनंद व्हायलाही जरा वेळच लागला.

मग मी डोळे उघडले. तो समोर उभा होता, कान लाल, हात कुठं ठेवावेत ते कळत नसलेला. किती नायिकांची उत्तरं मी पाठ करून बसले होते, एकेक काय सुंदर! त्यातलं एकही तोंडाशी येईना.

"पुसू नका," मी म्हटलं. "मला... म्हणजे मलाही तुम्ही... तू..."

आवाज चिरकला. मधेच हुंदका आला, शेवटचा शब्द तर हवेतच गेला. इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते.

"नीट नाही आलं," मी नाक पुसत म्हटलं. "पुन्हा म्हणू का?"

"नको," तो म्हणाला. "असंच राहू दे."